वाचकांचे प्रश्न : ६० सेंटिमीटर जाडीची खिडकी

मागील अंकात जपानमधील ओकिनावा येथील चुराउमी मत्स्यालयावर एक छोटे टिपण लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांची संख्या पाहता हा संपूर्ण स्तंभ मत्स्यालयांतील महाकाय टाक्यांनाच देणे भाग पडले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि काही पत्रे जागेअभावी थोडी आखडली आहेत, त्याबद्दल पत्रलेखकांनी राग मानू नये.

प्रश्न : लहानपणी आम्ही चाळीतली मुले दर मे महिन्यात चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात जात असू. तिथल्या टाक्या घराच्या खिडकीएवढ्या असत. आता नातू मला दुबईच्या मत्स्यालयाची चित्रफीत दाखवतो, तर त्यातली काच आमच्या चाळीच्या दर्शनी भिंतीपेक्षा मोठी! एवढे पाणी ती काच कशी पेलते? आणि फुटली तर?
— सु. ग., गिरगाव

उत्तर : तारापोरवालाचा उल्लेख केलात, म्हणून आधी त्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण मीही त्याच रांगेत उभा राहिलेला मुलगा आहे. पारशी दानशूर तारापोरवाला यांच्या देणगीचा हातभार लागून ते १९५१ साली उभे राहिले आणि राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले. बाहेर मरीन ड्राइव्हचे डोळे दिपवणारे ऊन आणि आत पाऊल टाकताच हिरवट अंधार, ओलसर वास आणि प्रत्येक काचेवर मुलांच्या नाकांचे ठसे, हे चित्र अनेक मुंबईकरांच्या मनात असेल. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले, तेव्हा त्यात १२ फूट लांबीचा पारदर्शक बोगदा आला होता आणि त्याचे केवढे कौतुक झाले होते. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे दार लागले. दुबईचा बोगदा ४८ मीटरचा आहे, परंतु १२ फुटांच्या बोगद्यातून तीनदा मागे फिरून पुन्हा चालत गेलेली मुले मी पाहिली आहेत.

आता आपला प्रश्न. पाण्याचा दाब पाणी एकूण किती आहे यावर ठरत नाही, ते किती खोल आहे यावर ठरतो. आपल्या इमारतीच्या गच्चीवरील टाकी आठवावी. तळमजल्याच्या नळाला पाणी धो धो येते आणि सर्वांत वरच्या मजल्यावर ते रडतखडत येते. टाकी हजार लिटरची असो वा दहा हजार लिटरची, ती भरलेली असताना तळमजल्याच्या नळाचा जोर साधारण तोच राहतो. म्हणून दुबईच्या काचेमागे एक कोटी लिटर पाणी आहे हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच की ती ८.३ मीटर उंच आहे. तिच्या वरच्या काठाशी दाब जवळजवळ नसतोच, तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर आठ टनांहून अधिक भार पडतो. काचेमागे पाण्याची भिंत १० मीटर जाडीची असो वा १०० मीटर, या आकड्यात फरक पडत नाही.

तरीही हा भार थोडा नव्हे. चुराउमीच्या मुख्य टाकीची खिडकी २२.५ मीटर रुंद आणि ८.२ मीटर उंच आहे. तिच्यावरील एकूण रेट्याचा हिशेब मांडला, तर तो साडेसातशे टनांच्या घरात जातो. हा रेटा पेलते ती वस्तू खरे तर काच नव्हेच, ती ॲक्रिलिक, म्हणजे एक पारदर्शक प्लास्टिक आहे. काच ठिसूळ असते, तिची जाडी वाढवत गेले की तिच्यातून दिसणारे जग हिरवट होत जाते आणि एवढी मोठी काच घडवून वाहून नेणे हेही दिव्यच. ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे, किंचित लवचीक आणि जाड केले तरी स्वच्छ राहणारे. शिवाय त्याची पाती एकमेकांना अशी जोडता येतात की सांधा डोळ्यांना सापडत नाही. सांध्यात त्याच जातीचे द्रव रसायन ओतून ते तापवून घट्ट करतात. चुराउमीची ६० सेंटिमीटर जाडीची खिडकी अशीच अनेक पाती एकावर एक जोडून तयार झाली असून तिचे वजनच सुमारे १३० टन भरते. ॲक्रिलिकचा दोष एवढाच की त्यावर ओरखडे चटकन पडतात. मात्र ते घासून पुन्हा लख्ख करता येतात, त्यामुळे पाणबुडे आतून आणि सफाई कामगार बाहेरून सतत त्याच्या मागे असतात.

फुटली तर, या शंकेला इतिहासात आधार आहे. बर्लिनमधील एका हॉटेलच्या दालनात उभा असलेला ‘ॲक्वाडोम’ हा दंडगोलाकार टँक १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे एकाएकी फुटला आणि दहा लाख लिटर पाणी सुमारे दीड हजार माशांसह हॉटेलातून रस्त्यावर आले. वेळ पहाटेची होती म्हणून दोनच माणसे किरकोळ जखमी झाली. दिवसा काय झाले असते याची कल्पना न केलेली बरी. चौकशीत जोडांमधील दोषापासून दुरुस्तीच्या काळात टाकी रिकामी राहिल्यापर्यंत अनेक शक्यता तपासल्या गेल्या, पण एकच ठाम कारण निश्चित करता आले नाही. ती रचना उंच, सुटी उभी आणि मधून लिफ्ट जाणारी अशी असामान्य होती. सपाट खिडकीला चहूबाजूंनी काँक्रीटची चौकट असते आणि पाण्याचा दाबच तिला त्या चौकटीत घट्ट बसवून ठेवतो. नातवासोबत दुबईला जाण्याचा योग आला, तर निर्धास्त जावे.

प्रश्न : जगातील सर्वांत मोठे मत्स्यालय नेमके कोणते? इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर मिळते.
— अ. के., मुलुंड

उत्तर : कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो. कोणी सर्व टाक्यांतील पाण्याची बेरीज सांगतो, कोणी एकाच टाकीतील, कोणी खिडकीचे क्षेत्रफळ. चीनमधील झुहाई येथील चिमेलाँग ओशन किंगडम २०१४ साली उघडले, तेव्हा तेथील एकूण पाणी ४ कोटी ८७ लाख लिटर भरले आणि त्याने विक्रमांची रांगच लावली. त्याआधी २००५ पासून अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया ॲक्वेरियमचा दबदबा होता, ज्याच्या एकाच टाकीत सुमारे २ कोटी ४० लाख लिटर पाणी आहे. २०२३ साली अबू धाबी येथे सुमारे अडीच कोटी लिटरची टाकी झाली. ऑलिंपिक मापाच्या जलतरण तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी मावते, हे लक्षात ठेवल्यास या आकड्यांचा अंदाज येईल. आपण हे प्रश्नमंजूषेसाठी विचारत असाल, तर उत्तरासोबत ‘कोणत्या मापाने’ हेही लिहून द्यावे. पाहायला जाणाऱ्याने मात्र लिटरांच्या मागे लागू नये. खिडकीतून दिसते ते पाण्याच्या प्रमाणात वाढत नाही. पाणी अतिशय स्वच्छ असले, तरी काही अंतरानंतर पलीकडे निळाईच उरते.

प्रश्न : मी सातवीत आहे. मोठ्या टाकीत शार्क आणि छोटे मासे एकत्र असतात. शार्क त्यांना खात कशी नाही?
— वाचकाचे नाव नाही, परळ

उत्तर : कधी कधी खाते! सोल शहरातील एका मत्स्यालयात २०१६ साली सँड टायगर जातीच्या शार्कने आपल्याच टाकीतली दुसरी, तिच्याहून लहान शार्क तोंडात घेतली आणि ती गिळायला तिला जवळजवळ एक दिवस लागला. लोकांच्या देखत तिच्या तोंडातून दुसरीची शेपटी बाहेर डोकावत होती. हद्दीवरून भांडण झाले असावे, असे तिथल्या लोकांनी सांगितले.

पण हे क्वचित घडते, आणि त्याचे कारण तुझ्या ओळखीचे आहे: पोट भरलेला प्राणी उगाच धावपळ करत नाही. शार्कचे रक्त आपल्यासारखे गरम नसते, त्यामुळे तिला रोज जेवावेही लागत नाही. बहुतेक शार्कना आठवड्यातून दोन-चारदाच खायला देतात. ते कसे देतात हे बघायला मिळाले तर सोडू नकोस. लांब काठीच्या टोकाला मासा लावून तो एकेका शार्कच्या तोंडाशी नेतात आणि कोणी किती खाल्ले याची वहीत नोंद करतात. माशाच्या पोटात जीवनसत्त्वाची गोळी लपवलेली असते. तुला औषध गुळातून दिले असेल, तसेच. शिवाय टाकीत कोणाला कोणासोबत ठेवायचे हे आधीच विचार करून ठरवतात, आणि लहान मासे एक तर थव्याने फिरतात किंवा खडकांच्या आसपास राहतात.

तू चित्रांत पाहिलेली, दात बाहेर आलेली आणि भयंकर दिसणारी शार्क बहुधा हीच सँड टायगर असेल. जगभरच्या मत्स्यालयांत ती दिसते, कारण ती पृष्ठभागावर येऊन हवा गिळते, ती पोटात धरून ठेवते आणि मग शांतपणे जवळजवळ एका जागी तरंगू शकते. दिसायला गुंड, स्वभावाने आळशी.

प्रश्न : आमची सात पिढ्यांची मासेमारी. मुलीने सिंगापूरचे मत्स्यालय दाखवले. पाकट दिसले, मोरी दिसली, हेकरू दिसले, वाम दिसली. पण पापलेट नाही, सुरमई नाही, बोंबील तर नाहीच. आमच्या माशांनी काय पाप केले?
— एक कोळी वाचक, वर्सोवा

उत्तर : दादा, या महिन्यातला सर्वांत चांगला प्रश्न आपला आहे, आणि उत्तराचा अर्धा भाग आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

बोंबलापासून सुरुवात करू. डोल जाळ्यातून तो वर येतो तेव्हा त्याची काय अवस्था असते हे आपण रोज पाहता. त्याच्या अंगात पाणीच फार, हाडे मऊ, आणि जाळ्याच्या खोळीत इतर माशांखाली दाबला गेल्यावर तो जिवंत हाती लागणेच कठीण. पापलेटचे बारीक खवले हात लागताच गळतात. ज्या माशाला नुसते उचलले तरी इजा होते, त्याला पकडायचे, टबमध्ये घालायचे, ट्रकने आणि विमानाने न्यायचे आणि मग नव्या पाण्यात सोडायचे, हे सोपे काम नाही. महाराष्ट्राने २०२३ साली ज्याला राज्यमासा म्हणून मान दिला, तो पापलेट पाटीवर आणि ताटातच आपल्याला भेटत राहतो, याचे एक कारण हे.

सुरमई आणि बांगडा यांची अडचण निराळी आहे. हे दोन्ही मासे कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या कुळातले. हेकरू खडकाआड बसून कल्ले हलवत श्वास घेऊ शकते, पाकट वाळूत पडून राहू शकतो, पण या कुळातल्या माशांना तोंड उघडे ठेवून पोहत राहावे लागते, तेव्हाच कल्ल्यांवरून पुरेसे पाणी वाहते. थांबले की गुदमरले. त्यात वेग असा की समोर भिंत आली तर वळायला जागा हवी, आणि एकाएकी दिवा चमकला किंवा आवाज झाला की संपूर्ण थवा बिथरून काचेवर आदळतो.

तोक्योच्या कासाई रिंकाई मत्स्यालयाने १९८९ पासून हे आव्हान पेलले आहे. तिथे मेदूवड्याच्या आकाराची २,२०० टन पाण्याची टाकी आहे. कोपरा नाहीच, त्यामुळे मासे गोल गोल फिरत राहतात आणि बघणारा वड्याच्या मधल्या भोकात उभा राहतो. रुपेरी पाठीचे ते मासे एका लयीत समोरून जात असताना माणूस नकळत त्यांच्यासोबत मान फिरवू लागतो. तरीही २०१४ च्या अखेरीस तिथले मासे भराभर मरू लागले, काही भिंतीवर आदळून, काही रोगाने, आणि पुढच्या मार्चपर्यंत त्या अफाट टाकीत एकच ट्यूना उरला. तो एकटा फेऱ्या मारत असल्याची छायाचित्रे तेव्हा जगभर प्रसिद्ध झाली होती. नंतर नवे मासे आणून टाकी पुन्हा भरली गेली.

मोरी, पाकट, हेकरू आणि वाम हे मत्स्यालयांना प्रिय आहेत, ते केवळ देखणे म्हणून नव्हे. त्यांच्यातल्या पुष्कळ जाती प्रवास सोसतात, एका जागी राहतात आणि हातचे खायला शिकतात. आपल्या माशांनी पाप केले नाही. ते पाळीव व्हायला तयार नाहीत, एवढेच.

प्रश्न : माझ्याकडे ६० लिटरची टाकी आहे. दर रविवारी थोडे पाणी बदलतो, तरी मासे मरतात. एक कोटी लिटर पाणी हे लोक बदलतात तरी कसे?
— म. पा., मालाड

उत्तर : एकदम बदलतच नाहीत. जिथे स्वच्छ समुद्र शेजारी आहे, तिथे पंप लावून ताजे पाणी सतत आत घेता येते. चुराउमीत तसेच होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील माँटेरी बे मत्स्यालयात तर रात्री प्रेक्षक गेल्यावर खाडीचे पाणी न गाळताच टाक्यांत सोडतात, जेणेकरून त्यातले सूक्ष्म जीव आतल्या प्राण्यांना मिळावेत आणि शेवाळाची, स्पंजांची बीजे खडकांवर रुजावीत. सकाळ होण्यापूर्वी गाळणी पुन्हा सुरू होते, म्हणजे तिकीट काढून आलेल्याला पाणी नितळ दिसते. मुंबईचे पाणी गाळाने गढूळ. इथे हा थाट जमणे अवघड.

अटलांटा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तिथे नळाचे पाणी घेऊन त्यात क्षार मिसळावे लागतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एक कोटी लिटरसाठी ३५० टन, दहा टनी ट्रक धरले तर ३५ ट्रक. आणि ते आपल्या स्वयंपाकघरातील मीठ नव्हे. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे नेमके प्रमाण साधावे लागते. इतक्या खटाटोपाने बनवलेले पाणी कोणी फेकून देत नाही, ते पुन:पुन्हा शुद्ध करतात.

त्या शुद्धीकरणाचा गाभा तुमच्या टाकीतलाच आहे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बरेच सौम्य असते. मोठ्या मत्स्यालयांत या जिवाणूंना राहण्यासाठी वाळूने भरलेली खोलीएवढी पिंपे असतात. त्यांच्या जोडीला प्रोटीन स्किमर नावाचे उंच नळकांडे असते, ज्यात तळातून बारीक बुडबुडे सोडतात. डाळ शिजताना वर येतो तसा फेस त्यात चढतो आणि पाण्यातील चिकट मळ घेऊन बाहेर पडतो. मग जंतू मारणारा ओझोन वायू, मग पुन्हा टाकी. हे सगळे रात्रंदिवस चालते. एकदा मला सिंगापूरमध्ये टाकीच्या मागची बाजू पाहण्याची संधी मिळाली होती. समोर निळा, नि:शब्द समुद्र, आणि भिंतीपलीकडे पंपांची घरघर, जाडजूड प्लास्टिकचे पाइप, फिनेल आणि बोंबील एकत्र केल्यासारखा वास आणि फळ्यावर खडूने लिहिलेले आकडे, असा तो देखावा होता. तांब्याचे नळ मात्र कुठेही नव्हते, कारण पाण्यात उतरलेले तांबे प्रवाळ, कोळंबी, आठपाद अशा अपृष्ठवंशीयांना मारक ठरते.

तुमच्या माशांबद्दल सांगायचे, तर ६० लिटर सांभाळणे हे एका अर्थाने एक कोटी लिटरपेक्षा अवघड काम आहे. मोठ्या साठ्यात तापमान किंवा अमोनिया हळूहळू बदलतो, माणसाला सावरायला वेळ मिळतो. तुमच्या टाकीत एक मेलेला मासा दिवसभर राहिला किंवा मे महिन्यात दुपारी वीज गेली, तरी सगळे बिघडते. रविवारी पाणी बदलताना तुम्ही फिल्टरचा स्पंजही नळाखाली खसखसून धूत असाल, असा माझा तर्क आहे. तसे असल्यास ते आधी थांबवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यातले सगळे जिवाणू मारून टाकते. टाकीतून काढलेल्याच पाण्यात स्पंज हलकेच पिळावा, आणि खाणे निम्मे करावे.

प्रश्न : भारतात व्हेल शार्कला, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या माशाला, संरक्षण आहे. मग एवढा प्राणी टाकीत कोंडणे योग्य आहे का? चुराउमीवरील टिपणात आपण त्याचे कौतुक लिहिलेत, याचे वाईट वाटले.
— नी. दे., विलेपार्ले

उत्तर : आपला आक्षेप मला मान्य आहे, पूर्णपणे नसला तरी बराचसा. भारताने २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली व्हेल शार्कच्या शिकारीवर बंदी घातली, आणि हा मासा उघड्या समुद्रात हजारो किलोमीटरचा प्रवास करतो, हे दोन्ही खरे. चुराउमीची मुख्य टाकी ३५ मीटर लांब, २७ मीटर रुंद आणि १० मीटर खोल आहे. तिथला ‘जिंता’ नावाचा नर १९९५ पासून मत्स्यालयाकडे असून तो साडेआठ मीटरच्या पुढे वाढला आहे. बेस्टच्या बसपेक्षा थोडासाच आखूड. त्याच्या अंगाच्या मापाने मोजले, तर टाकीची लांबी चार अंगांएवढीच होते. अटलांटात तैवानहून विमानाने आणलेल्या व्हेल शार्कपैकी दोन नर २००७ साली काही महिन्यांच्या अंतराने दगावले, तेव्हाही हाच वाद पेटला होता.

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. व्हेल शार्क उभी होऊन, शेपटी तळाकडे आणि तोंड पृष्ठभागाकडे करून, पाणी कसे शोषून घेते हे चुराउमीत दहा मीटर खोलीमुळे रोज समोरून पाहता येते. मांटा जातीच्या पाकटाचा मत्स्यालयातील जगातला पहिला जन्मही तिथेच, २००७ साली झाला. माँटेरीने २००४ साली पांढऱ्या शार्कचे एक पिल्लू ठेवले. त्याआधी ही जात कोणत्याही मत्स्यालयात १६ दिवसांपेक्षा अधिक जगली नव्हती. हे पिल्लू १९८ दिवस राहिले, आणि टाकीतल्या इतर शार्कवर हल्ले करू लागले तेव्हा त्याला समुद्रात सोडून दिले. आणखी काही पिल्ले ठेवून पाहिल्यावर २०११ नंतर त्यांनी हा प्रयोग थांबवला. सोडून देता येणे, थांबता येणे, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

मला विचाराल, तर नव्या मत्स्यालयांनी व्हेल शार्क आणू नये. हे लिहीत असलो, तरी मी स्वत: जिंतासमोर दोन तास बसलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच माँटेरीत केल्प या समुद्री वनस्पतीचे तीन मजली जंगल आहे, वर आकाशाला उघडे आणि यंत्राने लाटा देऊन डोलते ठेवलेले. त्यात बसएवढे काहीही नाही, आणि लोक त्यासमोरून उठत नाहीत.

प्रश्न : आमच्या उपनगरात सुट्टीत मैदानावर ‘पाण्याखालचा बोगदा’ असे प्रदर्शन लागते. मुलांना न्यावे का?
— एक पालक, बोरिवली

उत्तर : मी अशाच एका प्रदर्शनाला गेलो होतो. तिकीट घेतल्यावर कळले की आत गोड्या पाण्यातले मासे आहेत. पाणी ताकासारखे, आणि निम्मे मासे पृष्ठभागाशी तोंडे काढून हवा खात होते. बाहेर पडायचा रस्ता खेळण्यांच्या आणि लोणच्यांच्या दुकानांतून होता. सगळीच प्रदर्शने तशी असतील असे नाही. आत जाण्याआधी बाहेर येणाऱ्या मुलांना विचारावे, पाणी स्वच्छ होते का. मुले खरे सांगतात.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला जात आहोत. सोबत ७८ वर्षांच्या सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. मत्स्यालयाला किती वेळ द्यावा आणि ते कसे पाहावे? मुलाचा खास प्रश्न: रात्री दिवे गेल्यावर मासे झोपतात का?
— वै. सा., दादर

उत्तर : सेंटोसा बेटावरील हे मत्स्यालय २०१२ साली सुरू झाले आणि २०२५ मध्ये विस्तारून ‘सिंगापूर ओशनेरियम’ या नावाने पुन्हा उघडले. तिथली मुख्य खिडकी ३६ मीटर रुंद आणि ८.३ मीटर उंच आहे. अर्धा दिवस राखून ठेवावा, शक्यतो कामकाजाच्या दिवशी आणि दार उघडताच जावे. बहुतेक लोक पहिल्या दालनातल्या छोट्या टाक्यांसमोर गर्दी करतात आणि मोठ्या खिडकीपाशी पोहोचेपर्यंत थकलेले असतात. आपण उलट करावे: आधी थेट मोठ्या खिडकीपाशी जावे, आणि छोट्या टाक्या नंतर पाहाव्यात.

तिथे पोहोचल्यावर लगेच फोन काढू नये. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि त्यानंतरच मागच्या निळाईतले आकार उमटू लागतात. मुलाला एक गंमत दाखवावी. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे सपाट खिडकीतून चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर असल्यासारखा आणि म्हणून मोठा भासतो. बोगद्याची भिंत वक्र असते, तिथे तोच मासा लहान दिसतो. एखादा ओळखीचा पाकट दोन्ही ठिकाणी गाठून त्याने स्वत: ताडून पाहावे.

सासूबाईंना खिडकीच्या मध्यभागी नव्हे, एका कोपऱ्याजवळ बसवावे. मध्यभागी छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग असते. ओसाकाच्या कैयुकान मत्स्यालयात आठव्या मजल्यावरून सुरुवात करून एकाच प्रचंड टाकीभोवती गोल फिरत खाली उतरायचे असते. तिथे माझी मावशी गुडघे दुखतात म्हणून एका वळणावर बाकावर बसून राहिली आणि मी खालपर्यंत जाऊन, सगळे पाहून परत आलो. ती म्हणाली, “अरे, तो शेपूट तुटका आत्ता चौथ्यांदा गेला. दर वेळी त्या खडकाशी आला की डावीकडे वळतो.” मी त्याच टाकीभोवती तासभर फिरलो होतो आणि तुटक्या शेपटीचा पाकट मला एकदाही दिसला नव्हता.

चिरंजीवांना सांगावे, झोपतात, पण पापण्या नसल्यामुळे बहुतेक माशांचे डोळे उघडेच राहतात. संध्याकाळी दिवे हळूहळू मंद करतात, एकदम घालवत नाहीत, नाही तर मासे दचकून आदळतात. मग प्रवाळातले छोटे मासे फटींत शिरतात, काही जण वाळूत गाडून घेतात आणि शार्क संथपणे फिरत राहतात. पोपटमाशांच्या काही जातींची तऱ्हा सर्वांत न्यारी आहे: ते झोपण्यापूर्वी तोंडातून चिकट द्रव सोडून स्वत:भोवती मच्छरदाणीसारखी पारदर्शक पिशवी विणतात, रात्रभर तिच्यात पडून राहतात आणि सकाळी ती तिथेच सोडून निघून जातात. त्या पिशवीचा मुलाने अगदी मच्छरदाणीसारखाच विचार केला तरी चालेल. रक्त पिणाऱ्या बारीक समुद्री किड्यांपासून तिच्यामुळे माशाचा बचाव होतो, असे संशोधकांना आढळले आहे.